पाहुण्याचे पातेले

कोल्हापूरला जाऊन, मटणाच्या खाणावळीत पाटावर बसून, मटणाला हात न लावता उठलेला मांसाहारी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा शाळासोबती. त्याच्या शेजारी बसून मी मात्र तांबड्या रश्श्याच्या चार वाट्या रिचवल्या, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे कोणी मला निःपक्षपाती साक्षीदार समजून वाचायला नको.

मित्राचे नाव देत नाही, त्याला ते आवडायचे नाही. आडनाव आपल्याकडच्या शेकडो आडनावांसारखे गावावरून पडलेले आणि 'कर'ने संपणारे. तो बेने इस्राएल. म्हणजे आपले कोकणातले यहुदी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असे ही मंडळी परंपरेने सांगतात. अलिबाग, रोहे, पेण या पट्टीत त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांचे नाव ठेवले 'शनवार तेली'. सणांची त्यांची जुनी नावे ऐकावीत: खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण. हिब्रू पंचांगातले दिवस, पण नावे अशी की आपल्या आजीनेच ठेवली असावीत.

माझगावच्या सर एली कदूरी शाळेत 1958 साली पाचवीच्या वर्गात हा माझ्या बाकावर येऊन बसला. वडील रेल्वेत होते आणि नुकतेच कोल्हापूरहून बदलून आले होते. पुढे त्यांच्या घरी माझे जेवण इतके होऊ लागले की माझी आई म्हणे, "याचे रेशनकार्ड तिकडेच लावा." त्यांच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागत, मनुकांचे सरबत फिरे आणि मग ताटात येई तो 'कोल्हापुरी पांढरा रस्सा'. नारळाच्या दुधातला, कोंबडीचा. रंगाने पांढरा कमी आणि हिरवट जास्त. पण त्या वयात नावाची शहानिशा कोण करतो? वाटी पुढे करायची, एवढेच कळत होते.

त्या रश्श्याची हकीकत त्याची आई रंगवून सांगे. कोल्हापुरात शाहूपुरीत बिऱ्हाड होते तेव्हा शेजारच्या मराठा बाईंनी एकदा वाटीभर पांढरा रस्सा पाठवला. ही दचकली. मटण आणि दूध एका भांड्यात! यहुद्यांना हे वर्ज्य. मांसाबरोबर दूध नाही, तूप नाही, दही नाही. तिने वाटी झाकून परत केली. शेजारणीला राग आला. पण राग गिळून ती नारळ आणि खोवणी घेऊन आली, हिच्या देखत नारळ फोडला, खोवला, पिळला आणि म्हणाली, "ह्ये बघा दूध. म्हशीचं न्हवं, झाडाचं." त्या दिवसापासून दोघींचे जमले. वडिलांना कोंबडी कापण्याचा विधी येत होता. तेव्हा तोही प्रश्न मिटला. रस्सा घरात आला तो कायमचा.

1969 साली ते कुटुंब इस्राएलला गेले आणि अश्दोदला स्थायिक झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची वस्ती भारतात वीस हजारांवर होती, आता चार-पाच हजारांच्या आसपास उरली आहे. आमची पत्रे मात्र चालू राहिली. पत्रे मराठीत, आणि त्यात खाण्याविषयीचा मजकूर निम्म्याहून अधिक.

आता मूळ निमित्ताकडे येतो. काही वर्षांपूर्वी पुतण्याकडे न्यूयॉर्कला गेलो असता तो मला एका यहुदी कुटुंबाच्या खाणावळीत घेऊन गेला. तिकडे त्यांना 'डेली' म्हणतात. गल्ल्यावर म्हातारा, आत मुलगा, वाढायला सून. टेबलावर मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या, खारवून धुरावलेल्या मांसाच्या चळतीएवढे सँडविच, आणि कोंबडीचे पिवळसर नितळ सूप. त्यात बेखमिरी भाकरीच्या चुऱ्याचे गोळे. आजाऱ्याला, बाळंतिणीला, परीक्षेत नापास झालेल्याला, सगळ्यांना हेच सूप, असे सुनेने सांगितले. मी भारावून मित्राला लिहिले, "अखेर तुझ्या लोकांचे जेवण जेवलो."

उत्तर उलट टपाली आले. "गाढवा, ते पोलंड-रशियाकडच्या यहुद्यांचे जेवण. माझ्या लोकांचे जेवण तू माझगावात दहा वर्षे फुकट जेवलास. डिसेंबरात येतो आहे. कोल्हापूरला जाऊ. आईचा रस्सा जिथला, तिथे तो एकदा बघायचा आहे."

'बघायचा आहे' असेच लिहिले होते. 'खायचा आहे' नव्हे. माझ्या ते लक्षात आले नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरलो. शाहूपुरीतले जुने बिऱ्हाड शोधले. तिथे आता तीन मजली इमारत आणि खाली मोबाइलचे दुकान. शेजारीण तर कोणाच्या आठवणीतही नव्हती. मित्र दोन मिनिटे उभा राहिला आणि म्हणाला, "चल, भूक लागली."

खाणावळ शिवाजी पेठेतल्या एका बोळातली. पाटी आहे, पण ती वाचून कोणी येत नाही, वासाने येतात. पुढच्या सोप्यात बारा पाट, मागे स्वयंपाकघर. साठी उलटलेल्या आक्का चुलीपाशी, मुलगा वाढायला, सून भाकऱ्या थापायला. नवरा गेल्यावर आक्कांनी चार डब्यांपासून सुरुवात केली होती, असे मुलाने भाकरी वाढता वाढता सांगितले. कोल्हापुरात नावाजलेली हॉटेले पुष्कळ आहेत, तिथले जेवण वाईट नसते. पण गल्ल्याच्या मागे घर असणे आणि नसणे यातला फरक पहिल्या घासाला कळतो.

माझ्यापुढे ताट आले. सुके मटण, ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू, दोन वाट्या: एकीत तांबडा, दुसरीत पांढरा. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवतात. त्याचे जे पाणी निघते ते अळणी. सगळे कूळ त्या अळणीतून निघते. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि कांदा-लसूण चटणी घातली की तांबडा. नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांचे वाटण आणि लवंग-दालचिनी-वेलदोड्याची फोडणी दिली की पांढरा. लहान पोराला, तापातून उठलेल्याला नुसते अळणी पाजतात. मला न्यूयॉर्कचे ते सूप आठवले. वाटी तोंडाला लावली आणि काही वेळ मित्र शेजारी आहे हेच विसरलो.

तेवढ्यात त्याचा आवाज आला. "मला मटण नको. भाकरी आणि झुणका मिळेल का?"

मुलगा थबकला. आत बातमी गेली. आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय वं पावणं, माळकरी हायसा?"

"नाही."

"मग आज वार हाय?"

"वार नाही. मी यहुदी आहे. आमच्या पद्धतीने कापलेलंच मटण आम्हाला चालतं."

"म्हंजे खाता. फकस्त आमच्या हातचं न्हाई."

वाक्य साधे होते. पण सोप्यातले दोन-तीन जेवणारे घास थांबवून पाहू लागले. मित्राचा चेहरा उतरला. त्याने समजावण्याचा प्रयत्न केला; पण पाटावर बसलेल्या माणसाने उभ्या असलेल्या बाईला धर्मशास्त्र समजावणे अवघड असते. आक्का एवढेच म्हणाल्या, "झुणका देते. भुक्यानं कुणी जायचं न्हाई हितनं. पर आमच्या घरचं चालत न्हाई म्हणून ताटावरनं उठल्याली मान्सं बघितल्यात मी. तवा ईचारलं." आणि आत गेल्या. झुणका आला, उत्तम होता. मित्राने तो खाली मान घालून खाल्ला. मधूनच माझ्या वाटीकडे पाहून हळूच म्हणाला, "हा एवढा पांढरा कसा रे?"

संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो. तो गप्प. मग म्हणाला, "बाईंचं काही चुकलं नाही."

या गावात ते खरोखरच चुकीचे नव्हते. कोण कोणाच्या हातचे खातो यावरून इथे केवढे रामायण झाले आहे! शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांना चहाचे दुकान काढून दिले, आणि लोक तिथे फिरकत नाहीत असे पाहून स्वतः गाडी दुकानापुढे उभी करून चहा मागवला. बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यावा लागला. ही गोष्ट कोल्हापुरात पोरालाही ठाऊक असते. ज्या गावच्या राजाने चहाच्या कपाने एवढे काम केले, तिथे ताट नाकारणारा पाहुणा कशाला बरा दिसेल?

"गंमत बघ," मित्र म्हणाला, "आम्हाला हेच आमच्या लोकांनी केलं." इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने 1962 साली बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत फतवा काढला: आधी यांच्या कुळांची चौकशी करा, मगच इतर यहुद्यांशी लग्न लावा. त्याच्या चुलतबहिणीचे ठरलेले लग्न त्यात अडकले. 1964 साली जेरुसलेममध्ये या समाजाने धरणे धरले, संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला, आणि धर्मपीठाला ती अट बदलावी लागली. "पण दोन वर्षं आम्ही दारात उभे होतो. हातात पत्रिका घेऊन. आणि आज मी त्या बाईला दारात उभं केलं. तिच्याच घराच्या."

मी म्हटले, "मग उद्या जाऊन एक घास खा."

"ते नाही होणार," तो शांतपणे म्हणाला. "आई गेल्यापासून मी हे पाळतो. का, ते मला सांगता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी महावीर उद्यानातले पोलिश स्मारक पाहिले. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुले, आणि बहुतेक कॅथलिक. त्यांच्या बराकींच्या जागी पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी गांधीनगर वसवले. मित्र स्मारकावरची अक्षरे वाचून हसला. "तुझ्या न्यूयॉर्कच्या काकड्या, काळा पाव, बिटाचं सूप, हे सगळं या बायकांनाही येत असणार. मातीचं जेवण. यहुद्यांनी त्यातलं वर्ज्य तेवढं गाळलं. आम्ही कोकणात तेच केलं. नारळ होता म्हणून निभावलं."

आणि तिथूनच तो उठला तो थेट शिवाजी पेठेकडे निघाला. गुरुवार होता, खाणावळीत शुकशुकाट. आक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मित्र समोर जमिनीवरच बसला आणि म्हणाला, "आक्का, काल मी नीट सांगितलं नाही." मग त्याने आईची, शेजारणीची, परत केलेल्या वाटीची आणि फोडलेल्या नारळाची सगळी गोष्ट सांगितली. मांसाची आणि दुधाची भांडीसुद्धा आमच्याकडे वेगळी असतात, हेही सांगितले.

आक्कांचे हात थांबले.

"म्हंजे सोवळ्याची भांडी की! आमच्याकडं बी जोतिबाच्या निवदाचं पातेलं न्यारं असतंय. त्यात मी माझ्या सख्ख्या भावासाठी बी मटान शिजवायची न्हाई. त्यात भावाला कमीपणा कसला? ह्ये काल सांगायचं न्हाई व्हय?"

पुढचा अर्धा तास मी नुसता पाहत होतो. मुलाला बाजारात पिटाळले: नवे पातेले, नवा डाव, नवी सुरी. "आनि मासं चालत्यात का?" मित्र म्हणाला, पर आणि खवले असलेले चालतात. मुलाने पिशवी भरून आणलेली मासळी आक्कांनी परातीत ओतली, आणि एकेक उचलून, नखाने खरवडून पाहू लागल्या. "ह्येला खवलं हाय. रोहू. ठेवा. ही वाम गुळगुळीत, ही न्हाई चालायची तुमाला." दोन ढीग झाले.

मित्र माझ्याकडे पाहून डोळे पुसत हसायला लागला. कारण मला ठाऊक होते. बेने इस्राएलांची जुनी कथा अशी की दावीद राहाबी नावाचा यहुदी कोकणात आला, आणि हे लोक खरेच यहुदी की काय हे ताडण्यासाठी त्याने त्यांच्या बायकांपुढे मिश्र मासळी टाकली. त्यांनी खवल्यांची आणि परांची तेवढी वेगळी काढली, आणि परीक्षा उतरल्या. त्याने ती कथा आक्कांना सांगितली. आक्का म्हणाल्या, "मग मी बी पास!"

शेगडी मित्राने पेटवली. एवढी अट त्याची होती. वाटणासाठी सुनेने उपवासाचे मिक्सरचे भांडे काढले. आधी आक्कांनी नव्या पातेल्यात बिनमटणाचा पांढरा रस्सा केला. खसखस, तीळ, काजू, नारळाचे पहिले दूध, खड्या मसाल्याची फोडणी. अळणीच्या जागी पाणी. "ह्ये माझ्या जिवाला पटत न्हाई," असे म्हणत केला, पण केला. मित्राने वाटी दोन्ही हातांत धरली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची शेजारीण, आई, माझगावचे शुक्रवार, अश्दोदची नातवंडे, सगळे त्या वाटीत यायला हवे होते.

तो एक घोट प्यायला. दुसरा प्यायला.

"फार सुंदर आहे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण आईचा हा नव्हे."

कोणी काही बोलेना. सुनेने माझ्याकडे पाहिले. खोटे बोलून निभावता आले असते, पण त्याला ते कधीच जमले नाही; शाळेतही त्यामुळे आम्ही दोघे मार खात असू.

आक्का रागावल्या नाहीत. "न्हाई ना? मग तुमची आई काय घालायची?"

"ते मला सांगता येत नाही. हाताला येईल कदाचित."

"मग करा की. हात कुणी धरलाय?"

पातेले घासून पुसून पुन्हा चढले. शहात्तर वर्षांचा तो गृहस्थ बाह्या सरसावून उभा राहिला. ओले खोबरे, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची अख्खी जुडी, लसूण, जिरे. खसखस नाही, काजू नाही. वाटण हिरवेगार झाले, आणि मला लख्ख आठवले: माझगावच्या त्या वाटीचा रंग! नारळाचे पातळ दूध आधी, रोहूचे तुकडे, दोन आमसुले, आणि शेवटी दाट दूध घालून लगेच उतरवायचे, नाहीतर फुटते. कोकणचा माणूस म्हणून नदीच्या माशाच्या काट्यांबद्दल त्याने कुरकुर केली, आणि आक्कांनी पंचगंगेची बाजू घेऊन त्याला गप्प केले.

पहिला घोट त्याने घेतला नाही. वाटी आक्कांना दिली. गुरुवार असून त्यांनी घेतली. ("वार गिऱ्हाइकाला असत्यात, आचाऱ्याला न्हाई.") जिभेवर घोळवला, डोळे मिटले, पुन्हा घेतला.

"ब्येस झालाय," त्या म्हणाल्या. "आनि आता खरं सांगू? ह्यो कोल्हापुरी न्हाई. ह्यो तुमचा कोकणातला. तुमच्या आईनं शेजारणीकडनं नाव घेतलं आनि चव माहेरची घातली."

मित्र पाटावर बसला. चाळीस-पन्नास वर्षे त्याने अश्दोदमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांना, जावयाला, सुनेला 'हा कोल्हापुरी' म्हणून जो रस्सा वाढला, तो नवगाव-अलिबागचा होता. घरात ज्याला परगावचा म्हणत आले, तोच तेवढा घरचा. त्याने भाकरी कुस्करली आणि जेवू लागला. अडीच भाकऱ्या खाल्ल्या. मीही खाल्ला तो रस्सा. चव तीच होती, तंतोतंत. फक्त कोंबडीच्या जागी काटे होते.

पैशांची गोष्ट निघाली. माझ्या आदल्या दिवशीच्या मटणाचे आक्कांनी चोख घेतले होते. मित्राच्या माशांचे घेईनात. "सैपाक तुमी केलासा, मग पैसं मी कशाचं घेऊ? उलट मीच द्यायला पायजेत." सुनेने मात्र वहीच्या कागदावर कृती उतरवून घेतली आणि वर काय नाव लिहायचे म्हणून पेन्सिल धरून बसली. शेवटी तिने लिहिले, 'पावण्यांचा हिरवा'.

गेल्या वर्षी माझे पुन्हा कोल्हापूरला जाणे झाले. एकटाच होतो. त्या बोळात शिरलो, ताट आले, तांबड्याच्या आता दोनच वाट्या झेपल्या. उठताना आत डोकावलो तर वरच्या फळीवर ते पातेले पालथे घातलेले, वर स्वच्छ फडके. सून म्हणाली, एकदा घाईत तिने त्यात दूध तापवायला घेतले होते, तेव्हा आक्कांनी अख्खी खाणावळ डोक्यावर घेतली. "पावण्याचं हाय ते. त्यात दूध न्हाई, मटान न्हाई."

आक्कांनी विचारले, पाहुणे कधी येणार. मी तिथेच उभ्या उभ्या अश्दोदला फोन लावून दिला. आक्कांनी तो कानापासून वीतभर लांब धरला, आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता मोठ्याने विचारले,

"काय वं पावणं, त्या रश्श्याचं नाव बदललं का न्हाई अजून?"

पलीकडून उत्तर आले ते सोप्यातल्या सगळ्या जेवणाऱ्यांनी ऐकले. "नाही हो आक्का. मी सांगून बघितलं. नातवंडं ऐकत नाहीत. कोल्हापुरीच म्हणतात."